टॅबतात्या

‘आली का?’ असं उजनी धरणाच्या काठावर संध्याकाळी कुणी विचारलं, तर ते लायटीबद्दल असतं. थ्री फेज आली का, मोटार टाकू का, एवढा सगळा मजकूर त्या दोन शब्दांत बसतो. फक्त तात्यांच्या ओट्यावर हा प्रश्न निराळा. सात-अठ्ठावीसला तात्या हातपाय धुऊन, टोपी सारखी करून बसतात. मांडीवर टॅब. टॅबवर पांघरूण घेऊन झोपलेल्या अस्वलाचं चित्र. बरोबर साडेसातला ते अस्वल डोळे किलकिले करतं, जांभई देतं आणि इंग्रजीत काहीतरी उत्साहाचं बोलतं.

‘आली,’ तात्या जाहीर करतात. काय आली, हे विचारायचं धाडस आता काकूही करत नाहीत.

गावानं त्यांना टॅबतात्या म्हणायला लागून दोन वर्षं होत आली. त्याआधी ते नुसते तात्या होते. आणि ज्या गावात त्यांना घरच्या नावानं हाका मारायचे, ते गाव आता पाण्याखाली आहे. जन्मतारीख १ जून १९५५. म्हणजे खरी कुणालाच ठाऊक नाही. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर लोक अख्ख्या वर्गाला १ जूनलाच जन्माला घालायचे. मीही मास्तरच, म्हणून हे जरा जपून लिहितो.

तात्यांची शेती आहे. उसाचं एक रान, केळीचं एक, काठावर साडेसात एचपीची मोटार. पण पिंड शेतकऱ्याचा नाही, अर्जदाराचा. धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या आगेमागे भीमाकाठची गावं उठली, आमचंही उठलं. वाडे, चिंचा, पार, मारुतीचं देऊळ, सगळं यशवंतसागर जलाशयाच्या पोटात गेलं आणि माणसं वर माळावर नव्या गावठाणात आली. त्या उठाउठीत विशी-पंचविशीतले तात्या जे अर्ज लिहायला बसले ते अजून उठलेले नाहीत. भूखंडाची हद्द कायम करून मिळणेबाबत. वाढीव मोबदला मिळणेबाबत. धरणग्रस्ताचा दाखला मिळणेबाबत. दाखल्यावरची चूक दुरुस्त होऊन मिळणेबाबत. फडताळात तांबड्या कापडाचं एक बासन आहे, त्यात पंचेचाळीस वर्षांच्या स्थळप्रती. नवी सून पहिल्या दिवाळीत पोथी समजून त्याला हळदकुंकू वाहून मोकळी झाली. तात्यांनी पुसू दिलं नाही. बासनाचा मान एवढा कुणी राखला नव्हता.

कुठल्या कचेरीचं नाव घेत नाही, पण जिथं जावं तिथं तात्यांना उत्तर एकच मिळायचं. ‘उद्या या.’ एखादा चिडला असता. तात्या म्हणतात, ‘आदरानं बोलायची मानसं. ये न्हाई म्हनायची, या.’

अर्जदाराला वस्तू मिळण्यापेक्षा तिची पोच मिळण्यात जास्त गोडी असते, असं माझं बऱ्याच वर्षांचं निरीक्षण आहे. वस्तू मिळाली की प्रकरण बंद होतं. पोच मिळाली की चालू राहतं.

तर टॅब. लेक-जावई अमेरिकेत, सॅन होजेला. दोन वर्षांमागं जुलैत आले तेव्हा नातीला नवा टॅब घेतलेला होता, म्हणून जुना तात्यांच्या वाट्याला आला. ‘बाबा, यावर पुस्तकं वाचा. अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं,’ लेक म्हणाली. हेतू चांगला होता. पण परत निघायच्या दिवशी कुठल्या लेकीचं चित्त ठिकाणावर असतं? डोळ्यांत पाणी, बॅगेत शेंगाचटणीचे पुडे, जेऊरला गाडी गाठायची घाई. त्या गडबडीत टॅबचा फेरफार राहिला. कब्जा तात्यांचा, नाव नातीचं. टॅबच्या दप्तरी तात्या अजून पाच वर्षांची मुलगी आहेत.

दुसरी अडचण टॅबच्या जातकुळीत होती. अमेरिकेत २०११ च्या नोव्हेंबरात किंडल फायर आणि नूक टॅब्लेट असे दोन टॅब पाठोपाठ बाजारात आले. दोन्ही पुस्तकं विकणाऱ्यांचे. टॅब स्वस्तात द्यायचा आणि पुस्तकं, सिनेमे, ॲप आपल्याच दुकानातून घ्यायला लावायचे, हा त्यातला व्यवहार. आतली यंत्रणा गूगलच्याच अँड्रॉइडची, कारण ती फुकट मिळते. पण गूगलचं ॲपचं दुकान त्यात नाही. आपल्याकडं ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत वाजतगाजत आलेला ‘आकाश’, सरकारला २,२७६ रुपयांना पडलेला, त्यातही गूगलचं नव्हतं, गेटजार नावाचं वेगळंच दुकान होतं. तात्यांचा टॅब याच भावकीतला. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. तात्या कंपनीलाही अर्ज करतील.

हे सगळं मी त्यांना फळ्यावर शिकवल्यासारखं अर्धा तास समजावलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल लावला.

‘झोनबंदी.’

पूर्वी उसाला झोनबंदी होती. ज्या कारखान्याच्या हद्दीत तुमचं रान, त्यालाच ऊस घालायचा. शेजारचा कारखाना चार पैसे जास्त देत असला तरी गाडी तिकडं वळवायची नाही. माझा अर्धा तास फुकट गेला.

साठवणुकीचं तर त्यांनी मला शिकवलं. लेकीनं सांगितलं होतं की टॅब सोळा जीबीचा आहे. तिनंच जाण्याआधी एकदा आतला हिशेब उघडून दाखवला, तर वापरायला जेमतेम साडेआठ. जावई ओशाळून सांगायला लागले की उरलेली जागा यंत्रणेला लागते. तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

‘जावईबापू, आमाला सांगू नका. त्यो मृतसाठा.’

उजनीकाठच्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. धरण ११७ टीएमसीचं. त्यातलं जवळपास ६४ मृतसाठा आणि साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त. म्हणजे पेपरात ज्याची टक्केवारी येते ते पाणी थोडं, आणि ज्याला मेलेलं म्हणतात ते जास्त. ‘सोळातलं साडेसात मेलं. उजनीपरीस बरं हाय,’ असा तात्यांनी शेरा मारला आणि टॅब मंजूर केला.

मात्र याच ज्ञानानं पुढं घात केला. उजनी शून्य टक्क्यावर आली म्हणून थांबत नाही, उण्यात जाते. पेपरवाले लिहितात ‘उजनी मायनसमध्ये’ आणि पाणी तरी चालूच असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. पाणी असं हटलं की पलीकडं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि अलीकडं आम्ही मोटारी घेऊन पाण्याच्या मागं मागं जातो. आज दोन पाइप जोड, आठ दिवसांनी पुन्हा केबल लांबव, चारी खण, गाळात उतर. पाणी संपत नाही, लांब जातं. तेव्हा टॅबची बॅटरी शून्यावर आली आणि पडदा काळा झाला, त्या रात्री तात्या खरोखर बुचकळ्यात पडले. ते उण्याची वाट बघत होते. अर्धा तास टॅब मांडीवर घेऊन बसले. मग मला हाक मारली.

‘गुरुजी, ह्येला मायनस न्हाई व्हय?’

आता त्या साडेसातच्या वेळेचं. नात सॅन होजेला असताना तिच्या आईनं टॅबला शिस्त लावली होती. रात्री आठला झोपायचं, सकाळी सातला उठायचं. मधल्या वेळात टॅबवर झोपलेलं अस्वल. काही केल्या उघडायचं नाही. टॅब इकडं आला, घड्याळ तिकडंच राहिलं. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, आणि तिकडचे सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. त्यामुळं टॅब दिवसभर झोपतो आणि रात्रभर टक्क जागा असतो.

दुसऱ्या कुठल्याही गावात लोक वैतागले असते. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला आम्ही सरावलेले. नोव्हेंबरात अमेरिकेनं आपली घड्याळं तासभर मागं घेतली आणि अस्वल साडेआठला उठायला लागलं, तेव्हा मी गोंधळलो, तात्या नाही. ‘हिवाळ्याचं टाइमटेबल लागलं,’ म्हणाले. टाइमटेबल का बदललं, हे लाईटवाल्यांना आजवर कुणी विचारलंय, की अस्वलाला विचारावं?

रात्रीची लाईट असली की तात्या टॅब घेऊनच दारं धरायला जातात. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत होती; तेव्हापासून रात्री रानात जाणारा माणूस गपगुमान जात नाही, काहीतरी आवाज करत जातो. कुणी रेडिओ लावतं, कुणी खाकरतं. तात्यांच्या टॅबवर प्राण्यांच्या आवाजाचा खेळ आहे. चित्रावर बोट ठेवलं की तो तो प्राणी बोलतो. केळीच्या बागेतून रात्री दीडला आधी बदक, मग मेंढरू, मग हत्ती असे आवाज येत बांधाबांधानं पुढं सरकायचे, आणि लोक कुशीवर वळून म्हणायचे, तात्यांचं तिसरं दार झालं. एकदा अंधारात त्यांचं बोट चुकून सिंहावर पडलं. शेजारच्या रानातला गडी खोरं टाकून उसाच्या ट्रॉलीवर चढला तो उजाडल्यावरच उतरला. रानडुकरं मात्र आठ दिवस फिरकली नाहीत, ही तात्यांनी टॅबच्या खात्यावर जमा धरलेली पहिली रक्कम.

पण माणसाला टॅब बदकांसाठी नको असतो. तात्यांना त्यावर सातबारा बघायचा होता, पीकपाहणी करायची होती, पाऊस बघायचा होता, झालंच तर व्हॉट्सॲपवर लेकीशी बोलायचं होतं. हे सगळं मुलाच्या मोबाइलवर होतं. मुलगा ‘मी करतो की’ म्हणतो आणि करतोही. पण करून देणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहायला लागणं तात्यांना पंचेचाळीस वर्षं पुरलं होतं.

म्हणून एका रात्री आम्ही दोघं टॅबच्या दुकानात शिरलो. टाइप करायला मी, सांगायला ते.

‘आदी पीक बघा.’

महसूल खात्यानं १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्यानं आपणच बांधावर उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. मी इंग्रजी अक्षरांत ‘पीक’ असं लिहिलं. दुकानानं क्षणभर विचार केला आणि ‘पीक-अ-बू’ नावाचा खेळ काढून दिला. एक गुबगुबीत बाळ दोन्ही हातांनी डोळे झाकून बसलेलं.

तात्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. ‘डोळं झाकून पाहनी करतंय,’ म्हणाले. ‘बरोबर हाय. पयली अशीच व्हायची.’

‘आता सातबारा.’

मी सात लिहिला, तिरपी रेघ मारली, बारा लिहिले. याला मात्र भरघोस पीक आलं. पडदा भरून ॲपं. तात्या सरसावून बसले. मी वाचायला लागलो आणि माझा आवाज हळूहळू बसत गेला. वय वर्षं ७ ते १२, गणिताची मजा. वय वर्षं ७ ते १२, राजकन्येला सजवा. वय वर्षं ७ ते १२, डायनासोर रंगवा. राज्यातला प्रत्येक शेतकरी ज्या आकड्यापुढं हात जोडतो, तो आकडा त्या दुकानाच्या लेखी शेंबड्या पोरांचा वयोगट होता.

‘फेरफार कुटं दिसतुय का?’ तात्यांनी शेवटची आशा म्हणून विचारलं. मी म्हटलं, राजकन्येचे कपडे बदलता येतात.

वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ सापडलं नाही, शेतकऱ्याला हवामान सांगणारं ‘मेघदूत’ सापडलं नाही. हवामान टॅबवर होतं, पण सॅन होजेचं. रोज लख्ख ऊन. तात्यांनी ते तीन महिने मनापासून पाहिलं आणि एक दिवस हळहळून म्हणाले, ‘पोरगी लई अवगड गावात पडली. पावसाचा टिपूस न्हाई.’

तेव्हा त्यांनी ठरवलं की जेऊरला जाऊन मोठ्या माणसांची ॲपं टाकून आणायची. बाजाराचा दिवस, मोबाइलच्या दुकानात गर्दी, त्यात कॉलेजच्या दोन मुली काच बसवायला थांबलेल्या. तात्यांनी टॅब काउंटरवर ठेवला आणि धरणग्रस्तांच्या मोर्चात बोलतात त्या आवाजात म्हणाले, ‘ह्यात सगळं बारक्या पोरांचं हाय. मोठ्या मानसांचं काय असंल तर टाकून द्या. पैसं किती बी घ्या.’

दुकानातला पोरगा लालबुंद झाला. मुली काच न बसवता गेल्या. त्यानं तात्यांच्या टोपीकडं पाहिलं, टॅबकडं पाहिलं, आवाज खाली आणून म्हणाला, ‘आजोबा, तसलं आमी ठेवत न्हाई.’ ‘का? सरकारनं बंद केलं का?’ तात्या म्हणाले. ‘आमच्या गावात समद्यांकडं हाय. सरपंचाच्या मोबाइलात तर मी सवता बघितलंय.’ सरपंचांना हे कळायला दोन तास लागले, कारण जेऊरहून आमच्याकडं येणारी जीप मध्ये तीन ठिकाणी थांबते.

गैरसमज फिटल्यावर त्याच पोरानं खरा रस्ता सांगितला. गूगलचं दुकान बाहेरनं आणून या टॅबमध्ये बसवता येतं, पुष्कळ लोक बसवतात. फक्त टॅबला लावलेला पिन पाहिजे. तात्यांनी टॅब उचलून काखेत मारला. ‘मंजी आकडा टाकायचा. खांबावर आकडा टाकून जल्मात मोटार चालवली न्हाई, आता टॅबवर टाकू?’

(पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस टाकला होता. पण त्याचा अर्ज त्यांनी आधी दिला होता.)

रोज रात्री मात्र तोच प्रकार. तात्या एखाद्या ॲपवर बोट ठेवणार आणि अस्वल समोर येऊन पाटी धरणार. त्या पाटीवरचं इंग्रजी मी पहिल्यांदा वाचून दाखवलं ती रात्र मला आठवते. मी जरा घुटमळलो. ‘वाचा की,’ ते म्हणाले. मी वाचलं, ‘आईला किंवा वडिलांना विचार.’

तात्या काही बोलले नाहीत. ओट्यावरून खाली धरण दिसतं, चांदणं असलं तर चमकतं. त्यांनी तिकडं तोंड केलं. थोड्या वेळानं म्हणाले, ‘त्येंचं बी प्रकरन हाय की बासनात.’

पण पाटीखाली एक बटण होतं आणि ते दाबलं की मागणी थेट सॅन होजेला लेकीच्या मोबाइलवर जात होती. हे मी सांगितलं मात्र, तात्यांच्या चेहऱ्यावर एकदम वीस वर्षांपूर्वीची तकाकी आली. अर्ज! दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आली, रेघा मारल्या गेल्या. जावक क्रमांक, दिनांक, विषय, शेरा. जा. क्र. १, व्हॉट्सॲप मिळणेबाबत. जा. क्र. २, अर्ज क्र. १ चे स्मरणपत्र. जा. क्र. ९, गणिताचे कोडे अवघड असलेस मिळणेबाबत, कारण चालू खेळात ‘मोठी माणसं असाल तर सात आठे किती ते सांगा’ असली चौकशी होते आणि ज्याची पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ आहे त्याला ती अपमानाची वाटते. लेकीला ऑफिसच्या मीटिंगमध्ये दिवसाला पाच-पाच घंट्या वाजायला लागल्या. ती बिचारी नकारही देईना, होकारही देईना. होकार द्यायला ती ॲपं त्या दुकानात असायला तर हवीत. ‘बाबा, बघते हं, उद्या सांगते,’ एवढंच फोनवर म्हणायची.

‘बघा, लेक असली तरी अदिकारी हाय,’ तात्या शेऱ्याच्या रकान्यात ‘उद्या’ लिहिताना कौतुकानं म्हणायचे.

एक सांगायला हवं. या टॅबवर त्यांचं अगदीच काही झालं नाही असं नाही. अस्वलाच्या गोष्टींची पुस्तकं त्यात आहेत, चित्र मोठं आणि ओळ एक. ती वाचून वाचून तात्यांना इंग्रजी शब्द आले. दुपारी जेवण झालं की आता ते ‘वामकुक्षी’ म्हणत नाहीत, ‘नॅप’ म्हणतात; ऊसतोडीच्या मुकादमालाही एकदा ‘नॅप झाल्यावर या’ असं सांगून पाठवलं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची माणसं दुर्बिणी घेऊन येतात, त्यांना तात्या टॅबवरचं एफ फॉर फ्लेमिंगोचं चित्र दाखवून खात्री करून घ्यायला लावतात.

आणि टाळ्या. खेळात काहीही बरोबर केलं, चौकोन चौकोनात बसवला तरी, टॅब टाळ्या वाजवतो, फुगे सोडतो, एक चांदणी देतो. पहिल्या टाळ्या वाजल्या तेव्हा तात्यांनी मागं वळून पाहिलं होतं, आणखी कुणाला आहेत का म्हणून. आता वहीच्या शेवटच्या पानावर चांदण्यांचा हिशेब आहे. चारशे सहा. ‘पंचेचाळीस वर्सात कुटल्या कचेरीनं टाळी वाजवली का, गुरुजी? नुसता शिक्का वाजायचा.’

शेवटी गेल्या दिवाळीत लेक कंटाळली. तिनं फोनवर पिन सांगून टाकला. नातीच्या जन्माचा दिवस आणि महिना. तात्यांनी तो वहीत आवक क्रमांक टाकून लिहून घेतला, आंघोळ केली, आणि आम्ही पाडव्याच्या रात्री दार उघडायला बसलो. पिन घातल्यावर जन्मतारीख विचारली. १ जून घातलं, मग वर्ष. एक चाक आलं, वर चालू साल. तात्यांनी बोटानं चाक ओढायला सुरुवात केली. विहिरीत पोहरा सोडावा तसे आकडे खाली जाऊ लागले. दोन हजार अकरा. दोन हजार. सत्त्याण्णव. बोट कोरडं पडलं की जिभेला लावायचं आणि पुन्हा ओढायचं. ऐंशीवर बोट थांबलं. ‘हितं गाव गेलं,’ म्हणाले. पुन्हा ओढलं. बहात्तरला पुन्हा थांबलं. ‘सुकडी.’ दुष्काळातल्या त्या वाटपाची चव तोंडात आल्यासारखी त्यांनी जीभ फिरवली. मग पंचावन्न. दाबलं.

अस्वल गेलं. रंग गेले. करड्या रंगाचा, गंभीर, मोठ्या माणसांचा पडदा आला.

आम्ही दोघांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. एकट्यानं खेळायचे पत्ते. टॉर्च. पास्ता करायची कृती. पावलं मोजायचं यंत्र. इंग्रजी राशिभविष्य, त्यात तात्यांची रास १ जूनवरून काढलेली, म्हणजे मास्तरची. त्याखाली ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून पुन्हा एबीसीडी. सातबारा लिहिलं, पुन्हा राजकन्या आली.

‘येकट्यानं पत्तं?’ तात्या कितीतरी वेळ त्यावरच अडले होते. ‘मोठ्या मानसांचं मंजी ह्ये?’

त्यांनी एक डाव लावूनही पाहिला. मी मदत केली आणि डाव सुटला. पडदा तसाच करडा. तात्या कान देऊन बसले होते.

‘टाळ्या?’

‘मोठ्यांना नसतात,’ मी म्हटलं.

‘मंग मागारी घ्या,’ ते म्हणाले. पिन असलेल्या पानाला वहीत त्यांनी आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला, ‘प्रकरण निकाली.’ माझ्या आठवणीत त्यांनी हे दोन शब्द पहिल्यांदाच लिहिले.

अस्वलाकडं परत आल्यावर त्यांनी सहज म्हणून मला ‘धरण’ शोधायला सांगितलं. इंग्रजीत लिहिलं, आणि एक खेळ आला. त्यात एक बीव्हर आहे. उत्तर अमेरिकेतला मोठ्या घुशीसारखा प्राणी, रुंद शेपटीचा; दातांनी झाडं पाडतो आणि ओढ्यावर खरोखरीच बांध घालतो. खेळात तो एकेक ओंडका ओढत आणतो, आपण बोटानं तो बांधावर ठेवायचा, पाणी इंचभर चढतं. काठाला सशांची तीन बिळं. पाणी जवळ आलं की ससे हसत हसत उड्या मारत वर टेकाडावर जातात.

तात्यांनी पहिले आठ ओंडके बिनबोभाट ठेवले. पहिलं बीळ बुडालं.

‘ससं कुटं गेलं?’

‘टेकाडावर.’

‘भूसंपादनाची कलम चारची नोटीस?’

मी म्हटलं, दिसली नाही. दुसरं बीळ बुडालं. ससे पुन्हा हसत गेले. तात्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेऊन सशांची तोंडं निरखली. ‘हसत्यात कशापायी ही?’ असं स्वतःशीच म्हणाले आणि बोट काढून घेतलं.

तेव्हापासून तो खेळ तिथंच आहे. एक ओंडका उरलाय. रोज अस्वल उठलं, बदक-मेंढरांची हजेरी झाली, की तात्या शेवटी बीव्हरचा खेळ उघडतात. बीव्हर पुढच्या पायांत ओंडका धरून उभा. ओंडका वर करून दाखवतो, डोळे मिचकावतो, थोड्या वेळानं शेपटीनं जमिनीवर थाप मारायला लागतो. थप्. थप्. त्याला ओंडका ठेवायची परवानगी पाहिजे असते. तिसऱ्या बिळाच्या दाराशी एक ससा कान उभे करून बसलेला.

तात्या सुपारी कातरतात. चुना लावतात. बीव्हरकडं वरपासून खालपर्यंत पाहतात. घाई नाही. मग चष्मा काढून खोक्यात ठेवतात आणि टॅबचं बटण दाबता दाबता, अगदी आदरानं सांगतात,

‘उद्या या.’